फळी वाजवून घ्यावी

उकुलेले हाताने घडवायला घेणारा प्रत्येक जण आधी लाकडाचं विचारतो. कोआ घ्यावं, महोगनी की स्प्रूस? सतारीला जशी तबली, तशी या वाद्याला वरची पातळ फळी, आणि आवाजाचा मोठा भाग तिच्यावरच ठरतो. पण एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या वाजत नाहीत. त्यामुळे झाडाचं नाव ठरलं, तरी फळी निवडायची राहतेच.

कोआला मान मिळाला तो इतिहासामुळे. ऑगस्ट 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदैरा बेटावरचे मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला होनोलुलूला उतरले. त्यांच्यातले मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे सुतारकाम जाणणारे होते. गावाकडच्या ‘माशेत’ या छोट्या तंतुवाद्याच्या धर्तीवर त्यांनी हवाईत वाद्यं घडवली, ती तिथे सहज मिळणाऱ्या कोआची. हवाईचे लोक याच लाकडाच्या होड्या कोरत असत. कोआ मूळचं फक्त हवाईचं. आपल्या कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याच्याच अकेशिया प्रजातीतली.

आता तारांचा हिशेब बघू. उकुलेलेच्या चार नायलॉनच्या तारांचा एकूण ताण साधारण 15 ते 20 किलो. पोलादी तारांच्या गिटारचा 70 किलोंच्या आसपास. एवढ्याशा जोरावर फळी हलायची, तर ती वजनाला हलकी हवी आणि तरीही ताठ हवी. स्प्रूस इथे उजवं ठरतं. त्याचं वजन घनमीटरला 400 ते 450 किलो, तर कोआचं 600च्या आसपास. स्प्रूसचा आवाज मोकळा आणि खणखणीत येतो. कोआ आणि महोगनीचा उबदार, गोलसर. जुन्या हवाईयन उकुलेलेची ओळख तीच. सीडर स्प्रूसहूनही हलकं, पण इतकं मऊ की नखाचासुद्धा ओरखडा उठतो.

दुकानात आधी फळीची कड बघावी. वाढीच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या, तर ती फळी गाभ्याकडून सालीकडे कापलेली असते. हवा बदलली तरी ती कमी फुगते, कमी वाकते. मग टोकापासून साधारण पाव लांबीवर तिला चिमटीत हलकेच लटकवावं आणि मधोमध बोटाच्या पेराने टकटक करावी. चांगली फळी घुमते, सूर थोडा वेळ रेंगाळतो. नुसतं ‘थप्प’ वाजलं, तर ती परत ठेवावी.

पुढचं काम रंध्याचं. सोप्रानो उकुलेलेची फळी 2 मिलिमीटरच्या आसपास असते, आणि ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे 2 मिलिमीटरची फळी 1.8 वर आणली, की ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. म्हणून अधूनमधून थांबून ती वाकवून आणि वाजवून बघत जावी. लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओलसर फळी पुढे आकसते आणि चिरते.

लाटांसारखी नक्षी असलेल्या कोआचा मोह आवरत नाही. पण त्या नक्षीत तंतू वळणं घेतात आणि लांबीच्या दिशेचा ताठपणा कमी होतो. अशी देखणी फळी पाठीला आणि कडांना लावावी. वर मात्र सरळ रेषांची, साधी दिसणारी, पण घुमणारी फळीच बसवावी.