“मला चढतच नाही” म्हणजे सेफ?

कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय सतरा, नाव सांगत नाही. म्हणतो, “दादा, आजोबा प्यायचे, बाबा पितात. मी मित्रांबरोबर दोनदा बिअर घेतली. बाकीचे आडवे झाले, मला काहीच झालं नाही. म्हणजे मी सेफ ना?”

मी तो मेसेज तीनदा ऐकला. कारण उत्तर नेमकं उलटं आहे.

आधी रक्ताचं काय ते बघू. १९७३ साली डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक अभ्यास केला. वडील किंवा आई दारूच्या आहारी गेलेले, पण जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत दुसऱ्या घरी दत्तक गेलेले मुलगे त्यांनी शोधले. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर जन्मदात्याची बाटली कधी आलीच नाही. तरी तिशीच्या आसपास त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना दारूचं व्यसन होतं. इतर दत्तक मुलग्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्के. घाबरलात? आता तोच आकडा उलटा वाचा. शंभरातले ब्याऐंशी त्या वयापर्यंत व्यसनात नव्हते. “बापासारखाच निघणार” हे वाक्य आपल्याकडे सहज फेकलं जातं, पण ते या आकड्यांत कुठेच बसत नाही.

मग रक्तातून येतं तरी काय? ‘दारूचा जीन’ असा एकच काही नसतो. बरेच जीन थोडं थोडं काम करतात. त्यातली एक गोष्ट आपल्या मित्राच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना ठरावीक मात्रेत दारू दिली आणि ते किती डोलतात, त्यांना स्वतःला किती चढल्यासारखं वाटतं, हे मोजलं. वडिलांना व्यसन होतं अशा अनेकांवर परिणाम कमी दिसला. साधारण दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना सुरुवातीला कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनात सापडले होते. ज्यांना पटकन चढली होती, त्यांच्यात १४ टक्के.

कारण साधं आहे. लवकर गरगरलं की माणूस ग्लास खाली ठेवतो. ज्याला काही होत नाही, तो पुढचा भरतो. वर मित्र कौतुक करतात, “भावाची कपॅसिटी बघ!” यकृत आणि मेंदू मात्र प्रत्येक ग्लासाचा हिशेब ठेवत असतात.

आता घराचं. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं, की चौदाव्या वर्षी मूल प्यायला लागतं की नाही, हे बरंचसं घर आणि आजूबाजूच्या वातावरणावर ठरतं. जीनचा हात नंतर, वय वाढेल तसा, जास्त दिसायला लागतो. वातावरण म्हणजे काय? सोडा-चकणा आणायला पोराला पिटाळणं. लग्नात काकांनी “घे रे एक घोट, मोठा झालास” म्हणणं. (महाराष्ट्रात कायद्याने सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, पण काकांना कोण सांगणार!) आणि दुसऱ्या टोकाला, रात्रीची भांडणं, सकाळी सगळ्यांचं गप्प बसणं, पोरगं कुठे आहे हे विचारायची कुणात ताकदच न उरणं. अशा घरात बाटली समोर नसली तरी धोका असतो.

वयाचाही एक आकडा आहे. १९९७ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले. विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर पिणाऱ्यांच्या आयुष्यात इतर अडचणीही असतात, त्यामुळे सगळा दोष वयावर टाकू नका. पण घरात इतिहास असेल, तर आजोबा बदलता येत नाहीत, सुरुवात मात्र लांबवता येते.

तर मित्रा, तुला चढली नाही म्हणून तू सेफ नाहीस. पण तुझं काही ठरूनही गेलेलं नाही. तिसऱ्या वेळी ग्लास पुढे आला तर “आमच्या घरात हे चालत आलंय, मी नाही घेत” एवढं म्हटलंस तरी पुरे. आणि बाबांच्या पिण्याचा तुलाच त्रास होत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन कर. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. पिणारा माणूस तूच असायला हवास, असं काही नाही.