दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली?

किडलेली दाढ काही दिवस ठणकते, रात्रीची झोप उडवते आणि एक दिवस अचानक शांत होते. ‘आपोआप थांबलं,’ म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दाताच्या आतली नस मेलेली असते. वेदना कळवणारीच उरत नाही, म्हणून दुखत नाही. आजार मात्र मुळाशी पुढे सरकत राहतो.

मेलेल्या नसेच्या पोकळीत जंतू ठाण मांडतात. तिथे रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे रक्तातून येणाऱ्या संरक्षक पेशी आणि पोटात घेतलेली अँटिबायोटिक्स, दोन्हींना आत वाट मिळत नाही. मग शरीर मुळाच्या टोकाबाहेर वेढा घालते. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, लिम्फोसाइट आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी तिथे जमतात. संसर्ग जबड्यात पसरू नये, हे त्यांचे काम. पण जंतू आत सुरक्षित असल्याने हा वेढा वर्षानुवर्षे उठत नाही.

त्याची किंमत हाड मोजते. या पेशी इंटरल्यूकिन-१, टीएनएफ यांसारखी रसायने सोडतात. त्यामुळे हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात आणि मुळाभोवती पोकळी तयार होते. त्याच गदारोळात काही झोपलेल्या पेशीही जाग्या होतात. दाताचे मूळ घडताना मागे राहिलेल्या या पेशींचे पुंजके फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांच्या नावाने ओळखले जातात. दाहामुळे त्या वाढू लागतात, पोकळीला अस्तर लावतात आणि आत द्रव साचतो. ही झाली ‘रॅडिक्युलर सिस्ट’, जबड्यातील सर्वांत जास्त आढळणारी गाठ. ती कर्करोग नव्हे. पण हाड पोखरते, शेजारच्या दातांना ढकलते आणि फार वाढल्यास जबडा कमकुवत करते.

जबड्यातली प्रत्येक गाठ मात्र अशी नसते. ‘केराटोसिस्ट’ दाहामुळे होत नाही. तिच्या भिंतीत दाहाच्या पेशी सहसा थोड्याच असतात, तरी ती काढल्यावर पुन्हा होण्याची खोड जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिची गणना ट्यूमरमध्ये केली आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये. एक्स-रेमध्ये दोन्ही सारख्या दिसू शकतात. म्हणून काढलेली गाठ टाकून न देता तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलीच पाहिजे.

उपचाराचे तत्त्व सरळ आहे : जंतूंचे ठाणे उठवा. रूट कॅनाल करून किंवा दात काढून ते साधते. मूळ कारण गेले की दाह ओसरतो. लहान पोकळी अनेकदा हाडाने भरून येते. मोठ्या गाठीला शस्त्रक्रिया लागते. नुसत्या गोळ्यांनी सूज तात्पुरती उतरते, गाठ तिथेच राहते.

तेव्हा ठणकून गप्प झालेली दाढ, काळवंडलेला दात, हिरडीवर वारंवार येणारी पुटकुळी किंवा जबड्यावरचा न दुखणारा उंचवटा दिसल्यास दंतवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा.