बंदराच्या तळाचा गाळ

आपण म्हणाल, वर्ध्याला समुद्र कुठला आणि बंदर कुठलं? खरं आहे. पण आपली वर्धा नदी वैनगंगेला मिळते, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

मुंबई बंदराचे उदाहरण घेऊ. ठाण्याची खाडी तिथे येऊन मिळते. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले. सांडपाण्यातून तांबे, जस्त, शिसे, पारा असे धातू खाडीत उतरले. जहाजांच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग देतात, त्यातही बहुधा तांबे असते.

हे धातू जातात कुठे? पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. मातीचे कण एकमेकांना धरतात आणि तळाशी बसतात. खाडीत हेच काम समुद्राचे मीठ करते. चिकणमातीचे बारीक कण धातूंना धरून ठेवतात आणि त्यांना घेऊनच खाली बसतात. वरचे पाणी निवळ दिसते, पण खरा हिशेब तळाशी असतो. म्हणून तपासणारे पाण्याबरोबर गाळही तपासतात.

मग धातू गाळात गेला, म्हणजे पीडा टळली का? नाही. शेण कुजून त्याचे खत होते. शिसे शंभर वर्षांनीही शिसेच राहते. जहाजांसाठी बंदराचा गाळ उपसावा लागतो. कोंडलेला गाळ ढवळला, त्याला हवा लागली, की काही धातू पुन्हा पाण्यात सुटतात. चिखलातले किडे, तिसऱ्या, मासे, अशा वाटेने ते माणसाच्या ताटात येऊ शकतात. जपानात मिनामाता येथे कारखान्याने सोडलेला पारा असाच मासळीतून माणसांच्या शरीरात गेला. १९५६ साली तो रोग उघडकीस आला. पुढे १९७७ ते १९९० या काळात तिथल्या सुमारे १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त करावा लागला: काही उपसून, काही जागच्या जागी बुजवून. विष सोडणे सोपे, काढणे किती कठीण, पाहा!

गुरुजी, एक प्रयोग वर्गात करा. दोन पेल्यांत काळ्या मातीचे गढूळ पाणी घ्या, एकात चमचाभर मीठ ढवळा आणि कुठले आधी निवळते ते मुलांना पाहू द्या. मग विचारा: फुटकी बॅटरी किंवा रंगाचा डबा धाम नदीत टाकला, तर तो खरोखर वाहून जातो का? उत्तर मुलेच देतील.