साडेआठशेपैकी किती? अमेरिकेत नव्याने पत कमावताना

पुण्यातलं गृहकर्ज मुदतीआधी फेडलेलं, सिबिल स्कोअर आठशेच्या वर, आयुष्यात एकही चेक परत गेलेला नाही. असा माणूस नोकरीसाठी न्यू जर्सीत उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात वीज कंपनी त्याच्याकडे अनामत मागते, घरमालक जामीनदार विचारतो, कारचं कर्ज देणारा भलताच व्याजदर सांगतो. कारण अमेरिकेच्या दप्तरी त्याचं नावच नाही. आता यातली गंमत ऐका. आपल्या सिबिलची मालकी ज्या ट्रान्सयुनियनकडे आहे, ती कंपनी शिकागोची! तरीही पुण्यातली नोंद आपोआप शिकागोला जात नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, दप्तर वेगळं.

मोजपट्टीही वेगळी. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९००, तर अमेरिकेत सर्वाधिक चालणारा फायको स्कोअर ३०० ते ८५०. नव्याने आलेल्याचा स्कोअर शून्य नसतो, तीनशेही नसतो, तो नसतोच. फायको स्कोअर निघायला किमान सहा महिने जुनं एक तरी कार्ड किंवा कर्ज लागतं. त्यामुळे सुरुवातीला काही दिसलं नाही तर घाबरू नका. व्हँटेजस्कोअर नावाचा दुसरा आकडा त्याआधीही दिसू शकतो.

रेशमाचा व्यापारी, लिंकन आणि रेल्वेचे डबे

या सगळ्याची सुरुवात १८४१ मध्ये न्यूयॉर्कला झाली. लुईस टॅपन हा रेशमाचा व्यापारी. १८३७ च्या मंदीत उधारी बुडाल्यावर त्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे बातमीदार, त्यात बरेचसे वकील, स्थानिक दुकानदारांविषयी कळवायचे: धंदा कसा आहे, पितो का, शब्दाला जागतो का. या बातमीदारांत स्प्रिंगफील्डचा एक वकील होता, अब्राहम लिंकन. टॅपन स्वतः गुलामगिरीचा कट्टर विरोधक. ‘आमिस्टाड’ जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या खटल्यात त्यानेच पुढाकार घेतला होता. त्या एजन्सीच्या जाडजूड खातेवह्या आजही हार्वर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

१८९९ मध्ये अटलांटातल्या वुलफर्ड बंधूंनी गिऱ्हाइकांची यादी छापायला घेतली. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखीच ती. नावापुढे शेरा असायचा: ‘वेळेवर देतो’, ‘सावकाश देतो’ किंवा ‘रोखच घ्या’. त्याच धंद्याची आज इक्विफॅक्स झाली आहे. ट्रान्सयुनियन १९६८ मध्ये जन्मली ती रेल्वेचे टँकर डबे भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पोटी. पत नोंदणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांतली तिसरी म्हणजे एक्स्पेरियन. ज्या फायकोच्या नावाने सगळे धसका घेतात, ती कंपनी इंजिनिअर बिल फेअर आणि गणिती अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये काढली. पण सध्याचा तीन अंकी स्कोअर आला १९८९ मध्ये. अमेरिकेत जाणाऱ्या कित्येकांच्या वयापेक्षा तो फार मोठा नाही.

स्कोअरला तुमचा पगार माहीत नाही

ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट. वार्षिक तीन लाख डॉलर कमावणारा डॉक्टर आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी मुलगी यांचा स्कोअर सारखा असू शकतो, किंवा तिचा जास्तही. पगार, वंश, धर्म, देश, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही त्या आकड्यात मोजलं जात नाही. हे फुकट मिळालेलं नाही. एकेकाळी या कंपन्या लोकांच्या खासगी आयुष्याच्या कुजबुजीसुद्धा फायलीत घालत. १९७० च्या कायद्याने स्वतःची फाइल पाहण्याचा आणि चूक असेल तर हरकत घेण्याचा हक्क दिला. १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना स्त्री-पुरुष भेदावर बंदी आणली, आणि १९७६ मध्ये वंश, धर्म, मूळ देश हेही त्यात आले. व्हिसा कोणता आणि किती दिवसांचा, एवढं मात्र कर्ज देणारा स्वतंत्रपणे विचारू शकतो.

मग मोजतात काय? ३५ टक्के वजन हप्ते वेळेवर भरण्याला, ३० टक्के घेतलेल्या उधारीच्या प्रमाणाला, १५ टक्के खात्यांच्या वयाला. उरलेले दहा-दहा टक्के नव्या अर्जांना आणि उधारीच्या प्रकारांना. डेबिट कार्ड कितीही घासा, त्याची इथे दखल नाही.

त्या ३० टक्क्यांत नवी मंडळी हमखास अडकतात. पहिल्या कार्डाची मर्यादा असते समजा ५०० डॉलर. घर लावायचं म्हणून गादी, कुकर, भांडी घेतली की साडेचारशे उडाले. महिन्याचं बिल वेळेत पूर्ण भरलं तरी बिल निघण्याच्या दिवशी ‘मर्यादेच्या ९० टक्के वापर’ अशीच नोंद जाते. तोडगा सोपा आहे: बिल निघण्याआधीच बहुतेक रक्कम भरून टाका. आणि ‘थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो’ असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, मग तो किती का जुना अमेरिकावासी असेना. बाकी ठेवून स्कोअर वाढत नाही, फक्त व्याज चढतं, आणि तिथल्या कार्डांवर ते सर्रास वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं.

बिल भरायला दोन-चार दिवस उशीर झाला तर दंड लागेल, पण ‘उशीर’ म्हणून नोंद ३० दिवस उलटल्यावरच होते. एकदा झाली की सात वर्षं राहते. कार्ड हातात आल्या दिवशीच बँक खात्यातून आपोआप भरणा लावून टाका.

पाच ऑगस्ट की आठ मे?

मराठी माणसाची फाइल बिघडते ती बऱ्याचदा उधळेपणाने नव्हे, तर नावाने. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं. एका बँकेने ते मधलं नाव धरलं, दुसरीने पहिल्या नावालाच चिकटवलं, तिसरीने गाळलं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी भर. त्यात त्याच गावात आणखी चार पाटील, तीन जोशी असले की एकाची उधारी दुसऱ्याच्या फायलीत जाऊ शकते. तारखेचंही तसंच. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन आधी महिना. ०५/०८ म्हणजे तुमच्यासाठी पाच ऑगस्ट, त्यांच्यासाठी आठ मे. एक रूप ठरवा आणि नोकरी, बँक, भाडेकरार सगळीकडे अक्षरशः तेच लिहा.

तपासणं फुकट आहे. ‘ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम’ या अधिकृत स्थळावर तिन्ही कंपन्यांचे रिपोर्ट आठवड्यातून एकदा मोफत मिळतात. स्वतःची फाइल पाहिल्याने स्कोअर एका गुणानेही घटत नाही. चूक दिसली तर हरकत नोंदवा. कंपनीला साधारण ३० दिवसांत चौकशी करावी लागते. ‘पैसे द्या, स्कोअर दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्यांना दारातही उभं करू नका. काम होण्याआधी पैसे घेणंच १९९६ च्या कायद्याने बेकायदा आहे.

घरात दोघं, फाइल एकाचीच

इथे मला थोडं थांबायचंय. अमेरिकेत नवरा-बायकोची फाइल कधीच एक होत नाही. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, तिच्याकडे कामाचा परवाना नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर हा सरकारी क्रमांक नाही. कार्ड त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, बिलं त्याच्या नावावर. घर ती चालवते, महिन्याचा हिशेब तिला तोंडपाठ असतो, पण अमेरिकेच्या लेखी ती नाहीच. पुढे नोकरी मिळाली, किंवा दुर्दैवाने एकटं राहायची वेळ आली, की तिला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

हे टाळता येतं. नवऱ्याच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ती म्हणून तिचं नाव घाला. बऱ्याच बँका तिच्याही नावाने नोंद पाठवतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर करविवरणासोबत अर्ज करून आयटिन हा करक्रमांक मिळतो, आणि काही बँका त्यावर कार्ड देतात. २०१३ पासूनच्या नियमानुसार २१ वर्षांवरील व्यक्तीला अर्जात जोडीदाराचं उत्पन्नही दाखवता येतं, जर ते तिला खर्चायला मिळत असेल. स्वतःची कमाई नसलेल्या जोडीदारांसाठी ही मोठी सोय आहे. बायांनो, पहिल्याच वर्षी हे काम मागे लागून करून घ्या.

पहिलं कार्ड कुठून आणायचं?

सर्वांत खात्रीची वाट म्हणजे अनामत ठेवून मिळणारं कार्ड. २०० डॉलर ठेवा, साधारण तेवढीच मर्यादा मिळते, आणि नीट वापरलं की अनामत परत येते. भारतात अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड असेल तर त्या ओळखीवर अमेरिकेत अर्ज करता येतो. २०१६ मध्ये सुरू झालेली नोव्हा क्रेडिट ही कंपनी भारतातला रिपोर्ट अमेरिकी सावकारांना समजेल अशा रूपात देते. तो मानणारे मोजके आहेत, पण आहेत. म्हणून निघण्याआधी सिबिलचा मोफत वार्षिक रिपोर्ट काढून ठेवा आणि भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण ओटीपी तिथेच येतो.

अमेरिका नसेल आणि लंडन असेल? तिथे मतदार यादीत नाव असणं पत वाढायला हातभार लावतं, आणि राष्ट्रकुलातले म्हणून तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना त्या यादीत नाव घालता येतं. जर्मनीत घर भाड्याने घ्यायचं तर शूफाचा दाखला मागतात. ही संस्था १९२७ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली, विजेची उपकरणं हप्त्याने घेणाऱ्यांची नोंद ठेवायला.

आणि एक राहिलंच. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्यानंतरच्या कायद्याने सप्टेंबर २०१८ पासून स्वतःची फाइल गोठवणं संपूर्ण अमेरिकेत मोफत आहे. मग तुमच्या नावावर परक्याला कर्ज काढणं अवघड होतं. हवं तेव्हा ती उघडता येते. कायमचे भारतात परतणार असाल तर निघण्यापूर्वी वार्षिक शुल्काची कार्डं बंद करा, शेवटचं वीजबिल चुकतं करा आणि तिन्ही कंपन्यांकडे फाइल गोठवा. नीट फेडून बंद केलेल्या खात्याची नोंद तिथे दहा वर्षांपर्यंत राहते.