संकल्पना-विचलन

संकल्पना-विचलन म्हणजे उपलब्ध माहिती आणि तिच्यावरून वर्तवायची गोष्ट यांतील संबंध काळानुसार बदलणे होय. जुन्या नोंदींवर शिकवलेली चेताजाले व संदिग्ध तर्कप्रणाली त्यामुळे चुकू लागतात.

गूगल फ्लू ट्रेंड्स हे याचे बोलके उदाहरण. लोक आंतरजालावर काय शोधतात, यावरून अमेरिकेतील फ्लूच्या प्रमाणाचा अंदाज देणारी ही सेवा २००८ साली सुरू झाली. २००९ मधील एच१एन१ साथीची पहिली लाट तिला नीट टिपता आली नाही. २०१३ च्या सुरुवातीस तर तिचा अंदाज शासकीय रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक भरला. साथीच्या बाबतीत अशी चूक केवळ गणिताची राहत नाही. रुग्णालयांची तयारीही त्यामुळे फसू शकते. २०१४ साली डेव्हिड लेझर व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये शोधयंत्रातील बदल हे या चुकीचे एक संभाव्य कारण सांगितले. २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध होणे थांबले.

यावर एक उपाय म्हणजे सरकती खिडकी, अर्थात केवळ अलीकडच्या नोंदींवरून शिकणे. खिडकी लहान असल्यास योगायोगाचा चढउतारही बदल भासतो. मोठी असल्यास कालबाह्य नोंदी रेंगाळतात. आल्बर्ट बिफेट व रिकार्ड गावाल्दा यांची ‘ॲडविन’ पद्धत (२००७) ही लांबी स्वतःच ठरवते: जुन्या व नव्या भागांच्या सरासरींत लक्षणीय फरक दिसताच ती जुना भाग गाळते.