आईंचं दुखणं ‘पित्त’ नव्हतं!

मैत्रिणींनो, घरात कुणाचं अंग गरम लागलं, कुणाचं ताट अर्धवट राहिलं, तर ते सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येतं? अर्थातच आपल्या! पण आपलं स्वतःचं दुखणं? ते बहुधा ओट्यावरच्या कामांच्या यादीत सगळ्यांत शेवटी असतं. आज मी जे सांगणार आहे, ते या शेवटच्या क्रमांकाबद्दलच आहे. आमच्या घरानं त्याची चांगलीच किंमत मोजली आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. विदर्भातल्या घरांतून हा सण म्हणजे काय गडबड असते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्यांची एक भाजी, आणि घरभर पाहुणे. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) तेव्हा एकसष्टीच्या. मधुमेह बारा वर्षांचा, पण गोळ्या वेळच्या वेळी घेणाऱ्या. सणाच्या आधी दोन-तीन आठवडे त्या म्हणत होत्या, “हल्ली फार गळून गेल्यासारखं वाटतं गं. रात्री झोपही मोडते.” मी म्हटलं, “सणाची दगदग आहे, आई. झालं की आराम करा.” झालं! विषय तिथंच संपला.

जेवणाच्या संध्याकाळी शेवटची पंगत उठली, तेव्हा त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. जबडा दुखतोय, पाठीत खांद्यांच्या मधोमध दाटल्यासारखं होतंय, मळमळतंय, असं म्हणाल्या. कपाळावर घाम होता. छातीत दुखतंय, असं मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत. पुरण जास्त झालं असेल, पित्त चढलं असेल, असं आम्हां सर्वांचंच मत पडलं. ओवा झाला, सोडा झाला. रात्र त्यांनी उशीला टेकून बसून काढली. सकाळी एका दवाखान्यात नेलं, तिथंही गॅसचं इंजेक्शन मिळालं. दुपारी त्यांना घेरी आली, तेव्हा कुठं गाडी करून मोठ्या रुग्णालयात नेलं. ईसीजी झाला आणि डॉक्टरांनी विचारलं, “दुखायला कधी लागलं?” हे म्हणाले, “काल संध्याकाळी.” डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. “रात्रीच आणायला हवं होतं,” एवढंच बोलले.

आई वाचल्या. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला.

बायकांचा झटका वेगळा दिसतो का?

सिनेमातला हार्ट अटॅक आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. माणूस छातीवर मूठ दाबतो आणि कोसळतो. तसंही होतं, नाही असं नाही. बायकांमध्येसुद्धा छातीत दुखणं, दडपण येणं हेच सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. पण पुष्कळ बायकांत ते सौम्य असतं किंवा नसतंच, आणि त्याच्या जागी भलतंच काही पुढे येतं.

अमेरिकेत २००३ साली झटक्यातून बरं झालेल्या ५१५ स्त्रियांना त्यांचा अनुभव विचारण्यात आला. त्यांतल्या ९५ टक्के जणींना झटक्याच्या महिनाभर आधीपासून काही ना काही वेगळं जाणवत होतं. शंभरातल्या जवळजवळ ७१ जणींना विलक्षण थकवा होता, ४८ जणींची झोप बिघडली होती, ४२ जणींना दम लागत होता. आणि प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ४३ टक्के स्त्रियांना छातीत दुखलंच नव्हतं! हे मी वाचलं तेव्हा आईंचे ते दोन-तीन आठवडे डोळ्यांपुढे उभे राहिले. थकवा आणि मोडलेली झोप. दोन्ही त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

थकवा तर आपल्या पाचवीलाच पुजलेला, मग ओळखायचं कसं, असं तुम्ही म्हणाल. यावर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली खूण माझ्या लक्षात राहिली आहे. ‘नेहमीचं’ आणि ‘नवीन’ यांतला फरक पाहायचा. कालपर्यंत दोन बादल्या पाणी सहज उचलत होता आणि आज अर्ध्या बादलीला धाप लागते. गादी घालतानाच बसावंसं वाटतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. हा नवीन थकवा. त्याला दगदगीचं नाव देऊन मोकळं होऊ नये. ईसीजी आणि रक्तदाब पाहून घ्यावा.

मधुमेह असणाऱ्यांनी तर जास्तच जागरूक राहावं. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे हृदयाची कळ मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही.

सेवाग्रामच्या बा

आमचं जाम म्हणजे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा चौरस्ता. इथूनच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. पण जिल्हा वर्ध्याचा, म्हणून शाळेची सहल सेवाग्रामला ठरलेलीच. मुलींना बा-कुटी दाखवताना मी आता एक गोष्ट आवर्जून सांगते.

ऑगस्ट १९४२ मध्ये कस्तुरबांना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर ठेवण्यात आलं. तिथंच १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई हृदयविकारानं अचानक गेले. बांना श्वासनलिकेचा जुना विकार होता. १९४४ च्या जानेवारीत त्यांना हृदयविकाराचे झटके आले. आडवं झालं की दम लागे, म्हणून पुढे टेकायला लहानसं लाकडी मेज ठेवलेलं असे. त्याच तुरुंगात डॉ. सुशीला नय्यर होत्या आणि मुंबईचे नामवंत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डरही होते. उशाशी एवढे निष्णात डॉक्टर असूनही २२ फेब्रुवारी १९४४ च्या संध्याकाळी बा गेल्या. कारण तेव्हा गुठळी विरघळवण्याचं औषध नव्हतं, अँजिओप्लास्टी नव्हती. विश्रांती आणि शुश्रूषा, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं.

पुढे याच सुशीलाबाईंनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथलं रुग्णालय कस्तुरबांच्याच नावाचं आहे. बांच्या वेळी जे नव्हतं, ते आज आपल्या जिल्ह्यात आहे. मग आपण सोडा पीत रात्र का काढावी?

घड्याळाकडे पाहा

झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीनं बंद होणं. नळी बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू उपाशी राहतो आणि मिनिटामिनिटानं मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं. बारा तासांनंतर त्याचा उपयोग जवळपास संपतो. आम्ही तर अठरा तास घालवले.

तेव्हा छाती, जबडा, मान, पाठ, खांदा, हात किंवा पोटाचा वरचा भाग यांत दुखणं वा दाटणं, सोबत थंड घाम, मळमळ, धाप किंवा घेरी, असं काही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर पुढची कामं अशी:

बाईला बसतं करा, पाठीला उशी द्या. चालू देऊ नका, जिना चढू देऊ नका.

१०८ ला फोन लावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा, पण मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. मात्र ॲलर्जी, अल्सर वा रक्तस्रावाचा त्रास असेल तर नाही. फोनवर डॉक्टरांना विचारूनच द्या. जिभेखालची गोळी शेजारणीची आहे म्हणून देऊ नका; रक्तदाब एकदम उतरू शकतो.

जिथं लगेच ईसीजी निघेल तिथं आधी जा. आमच्यासारख्यांना समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय जवळ. पुढे सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. तुमच्या गावासाठी ही माहिती आजच काढा आणि फोन नंबर दाराच्या मागे चिकटवा. ऐन वेळी काही सुचत नाही.

डॉक्टरांना “पित्त आहे” असं आपणच सांगू नका. काय होतंय आणि कधीपासून, तेवढंच सांगा आणि “हृदयाचं तर नाही ना?” असं स्पष्ट विचारा.

आणि हो, मोबाईलवर फिरणारा तो ‘जोरजोरात खोकला की झटका टळतो’ हा निरोप साफ चुकीचा आहे. माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचएक सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

आपल्या लाडक्या रीमा लागू १८ मे २०१७ च्या पहाटे गेल्या. वय अवघं ५८. रात्री छातीत दुखू लागलं आणि पहाटेपर्यंत सारं संपलं. उलट सुश्मिता सेनचं पाहा. २०२३ च्या फेब्रुवारीत, सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला झटका आला. मुख्य रक्तवाहिनीत ९५ टक्के अडथळा होता, असं तिनंच सांगितलं. अँजिओप्लास्टी झाली, आणि त्याच वर्षी ती पुन्हा कामावर उभी होती. प्रत्येकीचं नशीब सारखं नसतं हे खरं. पण वेळ हातची घालवू नये, एवढं तरी आपल्या हाती आहे.

घरी आल्यावर

रुग्णालयातून घरी आलं की दुखणं संपलं, असं घरच्यांना वाटतं. खरं तर घरच्या बाईचा कस तिथून पुढे लागतो.

पूर्वी झटक्यानंतर सहा-सहा आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. १९५२ साली अमेरिकेतल्या डॉ. लेविन आणि डॉ. लाऊन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसवून पाहिलं आणि विश्रांतीची ती जुनी कल्पना बदलू लागली. आता डॉक्टर काही दिवसांतच चालायला लावतात. आईंना आम्ही आधी घरातल्या घरात पाच मिनिटं, मग अंगणात दहा मिनिटं चालवलं. दीड महिन्यानं त्या अर्धा तास चालू लागल्या. चालताना बोलता आलं पाहिजे, ही मोजपट्टी. जेवल्याबरोबर चालायचं नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच. भरलेली घागर, ओल्या चादरी पिळणं, मोठी कणीक तिंबणं, हे सगळं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

औषधांबद्दल एकच सांगते. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून बंद करणं, संपल्या म्हणून बाजारापर्यंत थांबणं, दोन्ही धोक्याचं. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर लगेच दाखवा.

स्वयंपाकात मी तर्री बंद केली. आईंची वेगळी बेचव भाजी नाही. सगळ्यांसाठी एकच, कमी तेलाची. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरतं, सवय होते. मीठ दिवसाला माणशी एक सपाट चमचा. पापड-लोणचं सणापुरतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं साधं वरण, जवसाची चटणी, हे तर आपलंच आहे. खर्रा आणि तंबाखूची नस घरात असेल तर ती आधी बाहेर काढा. आपल्याकडे बायकाही ‘दात घासायला’ म्हणून ती लावतात. दात घासण्याच्या नावाखालीही ती तंबाखूच असते.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत हाताशी ठेवा.

पतीपत्नींनी विचारायला लाजू नये अशीही एक गोष्ट आहे. दोन मजले धाप न लागता चढता आले, की बहुतेकांना सहवासाला हरकत नसते. नक्की केव्हा, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

जे गोळीनं बरं होत नाही

सगळ्यांत अवघड मात्र वेगळंच निघालं. दुसऱ्या महिन्यात आई बोलेनाशा झाल्या. मी स्वयंपाक करत असले की दारात येऊन उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. एकदा म्हणाल्या, “मी आता नुसती बसून खाणारी.” त्यांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं ज्या बाईनं घर चालवलं, तिला आम्ही प्रेमानं का होईना, कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा कळलं, की झटक्यानंतर मन खचणं फार आढळतं आणि त्यालाही औषधपाणी लागतं. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, हिशेबाची वही, नातवाचे पाढे, अशी बसून करायची कामं आम्ही त्यांच्याकडे दिली. हळूहळू त्यांचा आवाज पुन्हा घरात चढू लागला. मला बोलणी बसू लागली, तेव्हा हायसं वाटलं, बरं का!

यंदा महालक्ष्म्या बसल्या, तेव्हा आईंनी खुर्चीवर बसून सगळ्यांना कामं वाटून दिली. यांच्याकडे पाणी वाढण्याचं काम आलं. संध्याकाळी मी ओट्याला टेकलेली पाहून त्या म्हणाल्या, “तुझा रक्तदाब कधी मोजलास?” मी कधीच मोजला नव्हता. लेख लिहिण्याच्या गोष्टी करणारी मी, पण माझा क्रमांकही यादीत शेवटचाच! दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बळंच पाठवलं. १५० वर ९६ निघाला. आता माझीही गोळी सुरू आहे, आणि आम्ही दोघी सकाळी सोबत फिरायला जातो.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर पाहावी. बाळंतपणात रक्तदाब वा साखर वाढली असेल, पाळी लवकर गेली असेल, आईवडिलांपैकी कुणाला लवकर झटका आला असेल, त्यांनी कोलेस्टेरॉलही तपासून घ्यावं. तेव्हा मैत्रिणींनो, हा अंक खाली ठेवण्याआधी कॅलेंडरवर एक तारीख लिहा. यांची नाही, मुलांची नाही, स्वतःची.