निसर्गाचे बूच



प्रजननाचा धडा आला की 'हा घरी वाचून या' असे सांगून पुढे सरकण्याची आपल्याकडे रीत आहे. आज मी त्याच धड्याच्या समासातील एक गोष्ट मांडणार आहे. स्मृतिव्याख्यानाच्या गांभीर्याला ती बाधा आणणार नाही, अशी माझी खात्री आहे.

गर्भविकासाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत सकाळी उंदराच्या माद्या तपासल्या जातात. जिच्या योनिमार्गात मेणासारखा घट्ट, पांढरट गोळा आढळतो, तिचा रात्री समागम झाला असे मानून त्या दिवसाची मध्यान्ह हा गर्भाचा अर्धा दिवस धरतात. खूण अर्थात समागमाची, गर्भाची नव्हे. हा गोळा म्हणजेच 'समागम-बूच'.

ते घडते कसे? नराच्या शुक्राशयातून प्रथिनांनी भरलेला द्राव येतो आणि प्रोस्टेटच्या एका भागातून ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर येते. दोहोंचा संयोग होताच प्रथिनांचे रेणू परस्परांशी बांधले जातात. दुधाला विरजण लावावे तसा हा प्रकार. मात्र येथे रात्रभर वाट पाहावी लागत नाही. काम्यू आणि ग्ले या फ्रेंच संशोधकांनी १८९६ साली या साकळण्याचे वर्णन केले. जखमेवरची रक्ताची गुठळी पक्की करणारे विकरही याच कुळातले आहे.

आता प्रश्न असा, की याचे प्रयोजन काय? जेफ्री पार्कर यांनी १९७० साली कीटकांच्या अभ्यासातून एक विचार मांडला: एका मादीशी अनेक नरांचा संबंध येत असेल, तर स्पर्धा समागमापाशी थांबत नाही, ती शुक्राणूंमध्ये चालू राहते. या दृष्टीने बूच म्हणजे पहिल्या नराने दाराला घातलेला अडसर. कित्येकांनी त्याला पातिव्रत्याचे कुलूप म्हटले. मला ही उपमा रुचत नाही, कारण तीत मादी केवळ दार होऊन राहते. अमेरिकेतील कोल्हा-खार आणि करडी खार यांच्या माद्या समागमानंतर ते बूच स्वतः उपसून टाकतात, प्रसंगी खाऊनही टाकतात, अशी निरीक्षणे १९९२ साली प्रसिद्ध झाली. घुशीच्या जातभाईंत दुसरा नरही आधीचे बूच निखळवू शकतो.

मग ते निरुपयोगी म्हणावे काय? तसेही नाही. २०१३ साली मॅथ्यू डीन यांनी ते विकर तयार करणारे जनुक बंद केलेल्या उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. या नरांचे शुक्राणू संख्येने पुरेसे होते. परंतु बूच न बनल्याने गर्भाशयाकडे वर पोहोचणारे शुक्राणू घटले आणि पिले होण्याचे प्रमाण फारच उतरले. म्हणजे अडसराइतकेच हे बूच आपला माल आत टिकवणारेही आहे. प्रतिस्पर्ध्याच्या यशाला त्यामुळे आळा बसतो, हेही पुढे त्याच गटाला आढळले. दोन प्रयोजने एकत्र नांदतात. एकच खरे ठरवण्याचा हट्ट आपला आहे, उंदराचा नव्हे.

आपल्या जवळच्या नातलगांकडे पाहा. चिंपांझीच्या कळपात मादीचा अनेक नरांशी संबंध येतो. तेथे वृषणे मोठी आणि बूच घट्ट. गोरिलाच्या कुटुंबात बहुधा एकच प्रौढ नर सत्ता चालवतो. देह प्रचंड, परंतु वृषणे चिंपांझीहून कितीतरी लहान, आणि साकळणाऱ्या प्रथिनाचे जनुकही निकामी झाल्याचे आढळले आहे. स्पर्धाच नाही, तर हत्यार कोण परजत बसेल?

मानवाचे वीर्यही प्रथम साकळते, पण साधारण पंधरा ते तीस मिनिटांत पुन्हा पातळ होते. ते पातळ करणारे विकर प्रोस्टेटमध्ये बनते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. सभागृहातील साठी ओलांडलेल्या अनेक मित्रांनी रक्ततपासणीच्या अहवालात 'पीएसए' ही अक्षरे वाचली असतील. ते विकर हेच.